बर्फावरचं खरं

दोह्यातल्या मॉलमध्ये मुलाच्या आइस हॉकीच्या सरावाला गेले की त्या आजी दिसायच्या. अबायावर जाड स्वेटर, बोलणं रत्नागिरीकडचं. गोल कुणीही करो, टाळ्या वाजवणारच. नाव विचारायचं राहूनच गेलं.

फायनलला त्यांच्या नातीने गोल केला. टीम नाचत असताना ती पंचांकडे गेली आणि चकती हाताने ढकलल्याचं सांगून आली. गोल रद्द झाला, टीम हरली. खिलाडूवृत्तीचं पदक मात्र तिला मिळालं.

रडवेली होऊन तिने विचारलं, "दादी, आर यू अँग्री?"

"रागवू कशाला गो? घरात बरणी फोडून मांजराचं नाव सांगतेस, नि हितं सगळ्यांसमोर खरं बोललीस!"

नात खुदकन हसली. पदक तिच्या गळ्यात होतं, पण मिरवत आजीच निघाल्या होत्या.