कमलाक्षी अक्काचं नाव

तंजावूरला राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत कमलाक्षी अक्का राहायची. एका शाळेच्या ऑफिसात कारकून होती. लग्न ठरलं तेव्हा ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती आणि शिक्षण तिथंच थांबलं. नवरा सीतारामराव तेव्हा सरकारी कचेरीत साधा गुमास्ता. दोघांचं ठरलं होतं, आधी त्यानं संध्याकाळच्या वर्गाला जाऊन पदवी घ्यायची, मग हिनं. त्याच्या अभ्यासाच्या वर्षांत ही त्याच्या नोट्स उतरवून द्यायची आणि वीज गेली की विंझणा घेऊन वारा घालत बसायची. तो पदवीधर झाला, अधिकारी झाला.

हिची वेळ मात्र येईना. आधी मुलगी नंदिता लहान होती, मग नंदिताची दहावी, मग बारावी. नंदिता शिकायला त्रिचीला गेली त्या वर्षी, म्हणजे ब्याण्णव साली, अक्कानं कुणाला न विचारता संध्याकाळच्या वर्गात बी.ए.ला नाव घातलं. मी वकिलाकडे टायपिस्ट होते. तिच्यामुळं मीही धीर केला. आम्ही एका बाकावर बसायचो.

अर्थशास्त्राचे राजगोपाल सर नव्या धोरणाबद्दल सांगायचे. परदेशी कंपन्या येणार, तुम्हां सगळ्यांना दारं उघडणार. अक्का भान हरपून ऐकायची. परतताना म्हणायची, "सुप्रभा, डोकं अजून चालतंय की गं माझं!"

दुसऱ्या वर्षी तिच्या सासऱ्यांना, वेंकटरावांना, अर्धांगवायू झाला. अक्कानं कॉलेज सोडलं नाही. पहाटे उठून त्यांचं अंग पुसायची, शाळा करायची, संध्याकाळी त्यांना भरवून, शेजारच्या सरोजाला जवळ बसवून मग निघायची. म्हाताऱ्याला बोलता धड येत नव्हतं. मी तिला बोलवायला गेले की तेच चांगला हात दाराकडे हलवायचे. "जा, जा." सीतारामराव पेपरातून डोकं वर काढत नसे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्ग भरले. सरांनी हजेरी घेतली. माझं नाव आलं, अक्काचं आलंच नाही. तिला वाटलं, चुकून राहिलं. उभी राहून तिनं विचारलं. सर अवघडले. म्हणाले, "प्रिन्सिपॉलना भेटा, अम्मा."

मी बरोबर गेले. प्रिन्सिपॉल चांगला माणूस, खुर्ची दिली. "तुमचे यजमान येऊन गेले. वडिलांचं सांगताना डोळ्यांत पाणी आलं हो त्यांच्या. घरी तुमची गरज आहे म्हणाले. म्हणून नाव कमी केलं."

"मला नाही विचारलंत?"

"नवराच सांगतोय म्हटल्यावर काय विचारायचं, अम्मा? पुढच्या वर्षी या की."

घरी सीतारामराव कॉफी पीत बसला होता. अक्का दारातच उभी राहिली. "माझं नाव काढायला तुम्ही गेला होतात?"

"तुझ्यासाठीच गेलो. आरशात बघितलंस का स्वतःला? मरशील अशानं."

"तुमच्या वेळी मी नाही मेले."

"हळू बोल. अप्पा ऐकतायत."

ते ऐकतच होते. आतून नुसता घशातला आवाज येत राहिला. अक्का आत गेली आणि त्यांना भरवायला बसली.

पुढच्या वर्षी ती खरंच कॉलेजात गेली. संध्याकाळचे वर्ग बंद झाले होते. ती जागा एका कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटला दिली होती. उरलेल्या आम्हां थोड्या जणांना सकाळच्या वर्गात घेतलं. मला वकिलांनी दुपारनंतर यायची सूट दिली. अक्काची शाळा सकाळची, ती कशी सोडणार?

वेंकटराव वारले. तेराव्याला पंगत बसली होती, अक्का वाढत होती. पाव्हण्यांपुढं सीतारामराव गहिवरून म्हणाला, "कमलाक्षीनं अप्पांसाठी कॉलेज सोडलं. असं कोण करतं हल्ली?"

अक्का तूप वाढता वाढता थांबली. "मी सोडलं नाही. ह्यांनी माझं नाव काढून घेतलं. अप्पा तर मला जा म्हणत होते."

पंगतीत बसलेल्या सेतुमाधव मामांनी घसा साफ केला आणि सार मागितलं. अक्कानं वाढलं.

त्यानंतर ती नवऱ्याशी कामापुरतंच बोलायची. तो मात्र अप्पांसाठी बायकोनं कॉलेज सोडल्याची गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिला, आणि ऐकणारे तिच्याकडे कौतुकानं बघत राहिले.