मी सांगितलेला पिच्चर

मी पिच्चर खोटा सांगितला, असं वणीतल्या एका घरात काही दिवस बोललं जात होतं. बोलू द्या. मी तो कसा सांगितला, का सांगितला, हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि पुन्हा तसाच पिच्चर आला तर पुन्हा तसाच सांगेन.

आमच्या घराची पुढची खोली म्हणजे माझं लेडीज टेलरचं दुकान. दोन मशीन, कापायचं टेबल, खाली सतरंजी. दार उघडं ठेवावं तर कोळशाच्या ट्रकांची धूळ आत येते आणि पांढरं अस्तर संध्याकाळपर्यंत राखाडी होतं. लावून घ्यावं तर जीव कासावीस होतो. म्हणून दाराला जुन्या साडीचा पडदा आणि पडद्याआड आम्ही चौघी. मी कापते. दुसऱ्या मशीनवर बसते तिला आम्ही मशीनवाली म्हणतो. राहायला विहाराच्या मागे, नवरा ट्रकवर ड्रायव्हर. हूक आणि काज करायला मावशी, साठी कधीच ओलांडलेल्या. आणि साड्यांना फॉल लावणारी, सगळ्यांत धाकटी, माझ्या मुलीच्या वयाची. ती नवीनच आली होती. सासर चंद्रपूरचं, पण दिवाळीला माहेरी आली ती परत गेली नव्हती.

चौघींना पिच्चरचं वेड. पण हाताचं काम असं असतं की डोळे कापडावरून हलवता येत नाहीत. एकदा मोबाइल टेबलावर उभा करून पिच्चर लावला, तर मशीनवालीने उजवी बाही डाव्या मुंढ्याला जोडली आणि मावशींनी चांगल्या रेशमी ब्लाउजला हुका उलट्या बाजूने टाकल्या. तेव्हापासून दुकानात मोबाइल बंद, पिच्चर सांगायचा. आमच्याकडे हे नवीन नाही. माझी आई शेतात निंदणाला जायची तेव्हा ज्या बाईने पिच्चर पाहिला असेल ती ओळीत मधोमध बसायची, म्हणजे दोन्ही टोकांच्या बायांना ऐकू जाई. सांगणं म्हणजे सगळं सांगणं: गाणी, मारामाऱ्या, हिरोइनीने कोणती साडी नेसली होती तीसुद्धा. अर्धवट सांगणारीला पुढच्या वेळी मधे बसू देत नसत.

सांगायचं काम बहुतेक माझ्याकडे. रविवारी जेवणं उरकली की नवरा आडवा होतो आणि मी तीनच्या शोला टॉकीजमध्ये. सोमवारी कात्री हातात घेऊन सुरू. सांगता सांगता मतंही चालायची, आणि मतांच्या बाबतीत कोणी कोणाला भीक घालत नसे. मावशी फक्त व्हिलन पाहतात. व्हिलन पुळचट निघाला की त्यांच्या लेखी पिच्चर संपला. "हिरो काय, कोणीबी होते. व्हिलन व्हायले दम लागते," असं त्यांचं म्हणणं. मशीनवालीला दक्षिणेकडचे, आपल्या भाषेत डब केलेले मारधाडीचे पिच्चर हवेत, रडारडीचा निघाला की ती म्हणते, "हे घरीच फुकट दिसते वं." आणि मी ब्लाउज पाहते. आता हसा. पण गरीब विधवा आहे, घरात दाणा नाही, आणि अंगात प्रिन्सेस कटचा ब्लाउज, गळ्याला पायपिनची बारीक किनार! शिवला कोणी? शिलाई दिली कोणी? बाई विहिरीत उडी मारते, वर काढतात, आणि बाहीची इस्त्री जशीच्या तशी. असले पिच्चर बनवणाऱ्यांना वाटतं, टॉकीजमध्ये बसलेल्या बायांना काही कळत नाही. आम्हाला सगळं कळतं. आम्ही फक्त पेपरात लिहीत नाही.

फॉलवाली या भांडणात पडत नसे. मान खाली घालून टाके घालायची. टाके मात्र असे की साडीच्या वरून दिसायचे नाहीत. ती माहेरी का आली हे तिने सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं. दंडावरची खूण आम्हाला दिसत होती, मापं घेणाऱ्या बाईपासून दंड लपत नाही. तिच्या घरचं बोलणं मात्र कानावर यायचं. आई म्हणे थोडं सहन कर. भाऊ म्हणे जावई वाईट नाही, रागीट आहे. गुरुवारी चंद्रपूरची मंडळी तिला न्यायला येणार, असं ठरलं होतं.

त्या गुरुवारच्या आधीच्या रविवारी मी तो पिच्चर पाहिला. मोठ्या शहरांत येऊन गेलेला, आमच्या टॉकीजला उशिरा लागलेला, घरच्यांना घेऊन पाहावा म्हणून गाजवलेला. नवरा बायकोला मारतो. बायको लेकराला घेऊन निघते, एका खोलीत राहते, मशीन घेते, आणि एका गाण्यात तिचा कारखाना उभा राहतो. मी म्हटलं, ठीक आहे बाई, मी अर्धं आयुष्य मशीनवर घातलं, माझं एक गाणं झालं नाही, पण तुझं झालं याचा आनंद आहे. तिचा ब्लाउजही बरा होता, कटोरी, साधा, घरी शिवल्यासारखा. मी खूश होते. आणि मग शेवट आला. नवरा दारात येतो, गुडघ्यावर बसतो, ढसाढसा रडतो. लेकरू दोघांचे हात एकमेकांत देतं. ती डोळे पुसते, कारखान्याच्या किल्ल्या कुणाच्या तरी हातात ठेवते आणि त्याच्या गाडीत बसते. टॉकीजमध्ये टाळ्या पडल्या. माझ्या शेजारची बाई हुंदके देत होती. माझ्या अंगाची लाही लाही झाली. सगळा पिच्चरभर त्याने एकदाही चहाचा कप उचलून ठेवला नव्हता आणि दोन मिनिटं रडला की सगळं माफ! घरी येईपर्यंत मी त्या पिच्चर बनवणाऱ्याला जेवढ्या येतात तेवढ्या शिव्या दिल्या.

सोमवारी सांगायला बसले. तो मारतो तिथे आले तेव्हा फॉलवालीची सुई थांबली आणि पुन्हा चालू लागली. कारखाना सांगितला, गाणं म्हणून दाखवलं. शेवटाला आले, नवरा गुडघ्यावर बसला, रडला, लेकराने हात धरले. आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "तिनं सगळं ऐकून घेतलं. मंग म्हणते, झालं? तो म्हणते, झालं. बाई म्हणते, मंग जा. अन् आत येऊन मशीनवर बसली."

मशीनवाली म्हणाली, "वा वं वा!"

मावशी मात्र कात्रीसारख्या बाई. "असा शेवट कोण बनवते वं? सारे लोकं उठून जातीन टॉकीजमधून."

"बनवला आहे," मी म्हटलं.

"मले नाही पटत."

"नका पटवून घेऊ. पिच्चर मी पाहून आली का तुम्ही?"

मावशींनी पुन्हा काज हातात घेतलं, पण त्यांची ती चष्म्यावरून पाहायची नजर मला चुकवता आली नाही. घरी जाताना फॉलवालीने पडद्याजवळ थांबून फक्त विचारलं, "काकू, शेवट पुन्हा सांगता का?" मी सांगितला. मंगळवारी पुन्हा विचारला, तेव्हा मी पिच्चरमधल्या बाईला बोलायला आणखी दोन वाक्यं दिली. बुधवारी तर नवऱ्याच्या गाडीचा दरवाजा बाईने बाहेरून लावून दिला. कोणाच्या बापाचं काय जात होतं?

गुरुवारी दुपारी पडदा बाजूला झाला आणि फॉलवालीचा भाऊ आत आला. मोटरीच्या सामानाच्या दुकानात काम करतो. एरवी रस्त्यात दिसला की काकू नमस्कार म्हणणारा, सरळ पोरगा. त्या दिवशी चपला काढायचंही त्याला सुचलं नाही.

"काकू, तुम्ही आमच्या घरात काहून आग लावून राह्यले?"

मी कात्री खाली ठेवली. "काय झालं ते नीट सांग."

झालं होतं ते असं. आदल्या संध्याकाळी आईने मोबाइलवर तोच पिच्चर लावला होता, मुलीला मुद्दाम शेजारी बसवून. एव्हाना तो मोबाइलवर आलाच होता. शेवट झाल्यावर आई म्हणाली, पाह्य, एवढी कारखान्याची मालकीण, तेसुद्धा गेली का नाही नवऱ्यासंग? त्यावर पोरगी शांतपणे म्हणाली, "काकूच्या दुकानात नाही गेली ते." एवढंच म्हणाली आणि भांडी घासायला उठली. सकाळपासून तिने पिशवी भरायला नकार दिला होता.

"तुम्ही खोटं सांगतलं तिले," भाऊ म्हणाला. "पिच्चर आहे तसा सांगा लागते ना, काकू. बनवणाऱ्यानं बनवला एक अन् तुम्ही सांगता एक. तुमाले कोणी हक्क देला?"

"अन् त्याले कोणी देला?" माझा आवाज चढला तो चढलाच. "तो दूर बसून, एका बाईले मार खाऊ घालते, अन् मंग तिले त्याच घरी पाठवते. त्याले तू खोटं म्हणत नाही. मी वणीत बसून तिले तिच्या मशीनवर ठेवली, तर माह्यावर आग लावल्याचा आळ? मले नाही आवडला त्याचा शेवट. मले वाटते तो शेवट खोटा आहे. मी तिकीट काढून पाह्यला, माह्या तोंडानं सांगतला, अन् असाच सांगीन. जा, सांग तुह्या मायले."

"पण तिच्या डोक्यात भलतंच भरलं ना त्यानं! तिले काय वाटलं असन, खरंच असा पिच्चर..."

"दादा."

फॉलवालीने सुई साडीत खोचली होती. तिने मान वर केली तेव्हा आम्ही सगळ्याच तिच्याकडे पाहत होतो, कारण एवढ्या आठवड्यांत तिने कोणाचं बोलणं तोडलं नव्हतं.

"मी तो पिच्चर पाह्यला होता. आईनं काल लावला तेव्हाचं नाही म्हणत. आधीच. चंद्रपूरले, टॉकीजमधे, त्याच्यासंग."

भाऊ तिच्याकडे वळला.

"शेवटाले लय रडला तो. माह्या पदरानं डोळे पुसले त्यानं. म्हणे, बाई असावं तर असं. साऱ्या रस्त्यानं तेच बोलत होता. घरी आलो. भात गार होता म्हणून..."

वाक्य तिने तिथेच सोडलं. मशीनवालीने आपलं थांबलेलं चाक उगाच हाताने फिरवलं. मला समजायला थोडा वेळ लागला. म्हणजे सोमवारी मी हातवारे करून शेवट सांगत होते तेव्हा तिला खरा शेवट पुरता ठाऊक होता. मंगळवारीही. बुधवारीही. मी तिला फसवत होते असं समजून जी थोडीफार धाकधूक माझ्या मनात होती ती गेली आणि तिच्या जागी नुसता राग आला, त्या रडक्या माणसाचा, आणि त्याला रडायचं कसं ते शिकवणाऱ्या पिच्चरचा.

मावशींनी विचारलं, "मंग वं माय, रोज रोज शेवट काहून सांगाले लावत होती हिले?"

"ऐकाले बरं वाटे," ती म्हणाली.

भाऊ खालच्या आवाजात म्हणाला, "हे मले काहून नाही सांगतलं तू?"

"सांगतलं होतं. तू म्हणे रागीट आहे. आई म्हणे सहन कर."

त्याचा चेहरा पडला. पोरगा वाईट नव्हता, पण वाईट नसणं पुरत नाही, आणि हे त्याच्या तिथल्या तिथे लक्षात आलं असावं. तो दारापर्यंत गेला, परत आला, पडद्याची कड धरून उभा राहिला. एका बाजूला बहीण, दुसऱ्या बाजूला चंद्रपूरहून निघालेली गाडी, मामा, आत्या, चार शहाणी माणसं.

"ते लोकं येतेच आता," तो म्हणाला. "तुले घ्यायले. मी त्याहिले काय सांगू?"

तिने साडीतली सुई काढली, दोरा ताणून पाहिला आणि पुढचा टाका घातला.

"सांग, पिच्चर पडला म्हणावं."

मावशींनी दोन बोटं तोंडात घालून अशी शिटी मारली की रस्त्यावरची माणसं पडद्याकडे वळून पाहू लागली. भाऊ गेला. ऊन उतरल्यावर चंद्रपूरची गाडी आमच्या दुकानासमोरून त्यांच्या गल्लीत शिरली आणि दिवेलागणीच्या आत, आली होती तेवढीच माणसं घेऊन परत गेली.