अण्णांची खालची खोली

अण्णांचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्या गाडीच्या बॅटरीची वायर काढून ठेवली. मला कुणी सांगितलं नव्हतं. गाडी आता कोण चालवणार, उगाच बॅटरी उतरेल, एवढं शहाणपण मी मोबाइलवरच्या एका व्हिडिओतून उचललं होतं आणि ते वापरून बघायला मला कुणाची तरी गाडी हवी होती. त्याच संध्याकाळी वहिनींचं, म्हणजे अण्णांच्या बायकोचं, बोलावणं आलं. गाडीत काहीच लागत नाही म्हणाल्या. मी ऐटीत खाली गेलो, वायर जोडली, चावी फिरवली. गाडी सुरू झाली, दिवे लागले, आणि रेडिओच्या काचेवर 'कोड' असा इंग्रजी शब्द येऊन बसला. चोरांसाठी केलेली सोय असते ही. वीज तुटली की रेडिओला वाटतं आपल्याला कुणी पळवलं, मग चार आकडे ऐकल्याशिवाय तो तोंड उघडत नाही. गाडी अण्णांनी जुनी घेतलेली, आकड्यांचं कार्ड पहिल्या मालकाबरोबरच कुठे गेलं कुणास ठाऊक.

रेडिओचं एवढं काय, असं वाचणाऱ्याला वाटेल. पण सुरतेच्या उधना भागातलं अण्णांचं घर दोन खोल्यांचं, त्यात दोन मुलं, दोन सुना, त्यांची पोरं, आणि दोन्ही खोल्यांत टीव्ही. अण्णा सचिन नावाच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या डाइंग मिलमधून आले की चहा घ्यायचे आणि नवरा-बायको दोघं खाली पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसायचे. गाडी हलायची नाही. काचा थोड्या खाली, रेडिओवर जुनी हिंदी गाणी, मध्ये शेंगदाण्यांची पुडी. बिल्डिंगमध्ये कुणी अण्णांना विचारत आलं तर सुना बिनदिक्कत सांगायच्या, "ते खालच्या खोलीत आहेत." अण्णा गेल्यावरही वहिनी संध्याकाळी एकट्याच खाली उतरत होत्या, अण्णांची स्टिअरिंगमागची जागा रिकामी ठेवून आपल्या जागेवर बसत होत्या… हे मी वरच्या मजल्यावरून रोज बघत होतो, आणि तरीही मी ती वायर काढली. माझ्या डोक्याचं काम असंच चालतं.

अण्णांना हे नवीन नव्हतं. बँकेत लागून मी नाशिकहून सुरतेत आलो तेव्हा गुजरातीच्या नावाने शून्य होतो, आणि बिल्डिंगमध्ये जिन्यावर पहिला आवाज मराठीतून आला तो अण्णांचा. "कथा चालना रे भो?" मूळ शिरपूरकडचे, घरात अहिराणी. कुठे चाललास एवढंच विचारत होते, पण मला त्या दिवशी कुणी जेवायला वाढल्यासारखं वाटलं. (पुढे त्यांनी वाढलंही, वर्षभर.) गाडी चालवायलाही त्यांनीच शिकवलं, याच गाडीवर, रविवारी सचिनच्या मोकळ्या रस्त्यांवर. सहा-सात रविवारांनंतर मी आपण होऊन गाडी बिल्डिंगमध्ये लावायला घेतली आणि पुढे जायचं ते मागे गेलो. सोसायटीचं फाटक आडवं झालं. चेअरमन धावत येईपर्यंत अण्णांनी मला पलीकडे सरकवून स्टिअरिंग धरलं होतं. अण्णा शांतपणे दार उघडून उतरले आणि म्हणाले, "शेठ, मारी भूल छे. वय झालं, रिव्हर्स लक्षात राहत नाही." त्यांचं वय तेव्हा पन्नासही नव्हतं. चेअरमन पुढे कित्येक वर्षं त्यांना फाटकातून गाडी काढताना हाताने दिशा दाखवत उभे राहायचे, आणि अण्णा त्यांचं मन राखायला काच खाली करून "थँक्यू शेठ" म्हणायचे. मी शेजारी बसून खाली मान घालायचो, आणि हसायचो.

तर असा माणूस. त्याच्या रेडिओचं कुलूप मला उघडता येऊ नये? मी अण्णांच्या आयुष्यातून चार आकडे शोधायला लागलो. जन्मसाल टाकलं. नाही. मग वहिनींना सहज विचारल्यासारखं विचारलं, "वहिनी, तुमच्या लग्नाची तारीख काय हो?"

"का? आहेर द्यायचा राहिला का?"

तीही तारीख टाकली. मग त्यांच्या पहिल्या लूनाचा नंबर. रेडिओ संतापला आणि काचेवर 'थांबा' अशा अर्थाचं काहीतरी लिहून बसला. तासभर गेल्यावर पुन्हा कोड मागायला लागला. मी पुन्हा चुकलो, पुन्हा तास. चार-पाच दिवस हेच. मुक्या गाडीत थोडा वेळ बसून बघितलं वहिनींनी, मग संध्याकाळी खाली यायच्याच बंद झाल्या. धाकटी सून मला जिन्यात म्हणाली, "आई आता भिंतीकडे तोंड करून पडून राहतात." त्या दिवशी मी हुशारी बंद केली.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला तर ते म्हणाले, गाडी आणा, कागद आणा, आणि मालक नसतील तर घरच्यांना आणा. मी वहिनींना घेऊन गेलो. तिथल्या माणसाने दोन पातळ पट्ट्या खुपसून रेडिओ खणासारखा बाहेर ओढला, त्याच्या कडेचा लांबलचक नंबर काउंटरवरच्या मुलीला दिला. तिने गाडीचे कागद, अण्णांच्या मृत्यूचा दाखला, वहिनींचं आधार सगळं नीट बघितलं, संगणकात बघून चार आकडे सांगितले. मी ते ऐकून हटूनच बसलो. हे आकडे अण्णांचे कोण? कुठली तारीख? मुलगी हसली. "काका, आ तो कंपनीमांथी ज आवे. कोईनो बर्थडे ना होय." कंपनीनेच ठरवलेले आकडे, कुणाचा वाढदिवस नव्हे.

कोड तिथेच टाकता आला असता. वहिनी म्हणाल्या, "घरी."

पार्किंगमध्ये गाडी नेहमीच्या जागी लावली. मी आकडे दाबले. आधी नुसती खरखर, कारण लावून ठेवलेली सगळी स्टेशनं पुसली गेली होती. वहिनींनी माझा हात बाजूला केला आणि स्वतः बटण फिरवत राहिल्या, फिरवत राहिल्या… आणि गाणं लागलं. त्यांनी काच थोडी खाली केली, पदर सावरला, मान मागे टेकली. माझे डोळे भरून आले. जिन्यावरची ती हाक, आडवं झालेलं फाटक, सगळे रविवार, सगळं एकदम समोर आलं. किती देऊन गेला हा माणूस, असं काहीतरी मी बोलणारच होतो. गाणं संपलं, दुसरं लागलं. वहिनींनी माझ्याकडे वळून बघितलं.

"भाऊजी, झालं ना तुमचं? मग आते उतरा. कधीचे त्यांच्या जागेवर बसून राहिले."