नैवेद्याआधीचा वाटा

आमच्या अक्का स्वयंपाक कधी चाखून बघत नसत. मीठ बरोबर पडलंय की नाही, ते त्या वाफेवरून ओळखायच्या. देवाला दाखवण्याआधी कुणाच्या तोंडाला लागलं की ते उष्टं. एकदा नातू परातीतला वडा घेऊन पळाला, तर त्यांनी सगळा घाणा बाजूला सारून नव्यानं डाळ वाटली होती.

अक्कांच्या जयनगरच्या घरी मी वरकामाला होते, राहायलाही तिथंच. माझी शाळा सातवीत सुटली, पुढं पोटासाठी जतहून इथवर आले. अक्कांचं घराणं बंगळुरात कित्येक पिढ्यांचं. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड, पण कान दुखतोय म्हटलं तर तेल कोमट करून आणायच्या.

पलीकडच्या घरी कामाला येणाऱ्या मेरीबरोबर मी रविवारी प्रार्थनेला जाऊ लागले. मला तिथं रडता यायचं. हळूहळू मी येशूचीच झाले. आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "मग आता हिकडं येऊ नगंस." त्यानंतर घर म्हणावं असं अक्कांचंच उरलं. तेही जाईल म्हणून त्यांना सांगायची छाती होईना.

अडचण प्रसादाची होती. आमच्या प्रार्थनेच्या मंडळीत मूर्तीपुढं ठेवलेलं खात नाहीत. अक्का हातावर ठेवायच्या, मी "नंतर खाते" म्हणायचे आणि केळं-खोबरं गल्लीतल्या गाईला घालायचे. गणपतीत मात्र घर पाहुण्यांनी भरलं, बाहेर पडायला सवड मिळेना. मोदक खायची भीती, आणि टाकायची त्याहून जास्त. लहानपणीचा धाक असा कुठं जातो? मी ते कागदात गुंडाळून माझ्या पेटीत कपड्यांखाली ठेवत गेले. चौथ्या दिवशी देवघरापासून पेटीपर्यंत मुंग्यांची रांग लागली. रांगेमागून अक्का आल्या.

"मला मुंग्यांनी सांगितलं," त्या म्हणाल्या. "तू कधी सांगणार होतीस?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी पेटीतले मोदक उचलून नेले. दोन दिवस बोलल्याच नाहीत. मी पिशवी भरून दाराशी ठेवली. बेल वाजली की वाटायचं, माझ्या जागी दुसरी बाई आली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी खीर केली. नैवेद्याचं पान मांडायच्या आधी पातेल्यातून एक वाटी भरली. देवघराकडं तोंड करून त्या पुटपुटल्या, "स्वल्प सांभाळून घे रे बाबा. आज पोर आधी जेवते." मग वाटी माझ्यापुढं सरकवली. "हे अजून कुणाला दाखवलेलं नाही. चुलीवरून सरळ तुझ्याकडं. आणि ती पिशवी उचल, येताजाता पायात येते."

तेव्हापासून माझा वाटा आधी निघू लागला. त्यांना माझं पटलं होतं असं नाही. "मला नाही पटत हं," त्या स्पष्ट म्हणायच्या. "पण मला पटेपर्यंत तू काय उपाशी राहायचंस?"

पुढच्या सणाला त्यांच्या नणंदेनं ते बघितलं. "वहिनी, देवाच्या आधी हिला? हे कुठलं शास्त्र?"

"तुझ्यासाठी बिनसाखरेची खीर वेगळी काढते, तेव्हा नाही शास्त्र विचारलंस," अक्का म्हणाल्या. "तुझी साखर, तिचा येशू. बस आता जेवायला."

नणंदबाई बसल्या. मी मात्र माझी वाटी घेऊन आत गेले. आपल्यापायी यांच्यात वाकडं यायला नको, असं वाटत राहिलं.

गेल्या वर्षी अक्कांना हृदयाचा त्रास झाला. दवाखान्यात मी चार दिवस उशाशी होते. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी डोळे उघडले.

"आज रविवार ना? मग इथं काय करतेस?"

"आज नाही जात, अक्का."

"मी आजारी म्हणून तुझी प्रार्थना बंद? जा. सून बसेल इथं."

"तुम्हाला काही झालं तर?"

"तू इथं बसून ते थांबणार आहे का? ऊठ."

मी गेले. प्रार्थनेत त्यांचंच नाव घेत होते. पिशवीत फोन दोनदा थरथरला, मी डोळे उघडले नाहीत. बाहेर येऊन बघितलं, तर त्यांच्या मुलाचे फोन होते. अक्का गेल्या होत्या.

मी थांबायला हवं होतं का, हा प्रश्न अजून रोज पडतो. मेरी म्हणते, देवाची इच्छा. अक्कांचा मुलगा म्हणतो, आईनंच पाठवलं होतं ना. दोघांचंही ऐकून घेते. पण असलं काही मी विचारायचे ते अक्कांना.