जागा धरणारं प्रथिन

माझा स्वभाव असा, की एकदा बसले की मी उठत नाही. संशोधनातही मी तोच स्वभाव आणला आणि दोन वर्षं घालवली.

विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत मी एका प्रथिनावर काम करायचे. डीएनएचे दोन धागे एकमेकांना धरून असतात. त्याची नक्कल किंवा दुरुस्ती करताना ते सुटे होतात, आणि उघडा पडलेला एकेरी धागा म्हणजे बेवारस माल. स्वतःतच गुंततो, नाहीतर एखादं कातरणारं विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचे तुकडे करतं. म्हणून हे प्रथिन लगबगीनं त्याच्यावर येऊन बसतं. मला वाटलं, याची पकड आणखी घट्ट केली तर डीएनए आणखी सुरक्षित राहील. सर म्हणाले, करून बघ, आणि चहाला निघून गेले. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

मी प्रथिन बदललं आणि पकड खरंच घट्ट झाली. मग ते बदललेलं प्रथिन असलेले जिवाणू मी अतिनील दिव्याखाली ठेवले. त्यांच्या डीएनएला इजा होणार आणि माझं प्रथिन त्यांना वाचवणार, असा बेत होता. साधे जिवाणू बहुतेक सगळे तगले. माझे तेवढे मेले, तेही तीनदा. मी दिव्याला दोष दिला आणि प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीनं दिवा हलवला म्हणून तिच्याशी भांडले. महिन्याभरात समितीपुढं काही दाखवता आलं नाही तर विषय हातचा जाणार होता. मला भीती वाटत होती, ती मी भांडणात खपवत होते.

त्याच आठवड्यात आई आणि मावशी खरेदीला शहरात आल्या. परतताना मीही त्यांच्याबरोबर गावी, पाचोडच्या एसटीनं निघाले. गाडी फलाटाला लागताच आईनं मला पुढं पिटाळलं. मी खिडकीतून एका बाकावर रुमाल आणि पिशवी टाकली, आत घुसले आणि तिथंच ठाण मांडलं. आई शेजारी येऊन बसली. विचारायला आलेल्या चौघांना मी परतवून लावलं. तेवढ्यात दुखरे गुडघे सांभाळत, केळी घेऊन मावशी आली. मी काही हलले नाही.

आई शांतपणे म्हणाली, “जागा मावशीसाठी धरली व्हती, तुझ्यासाठी नाय. ऊठ.”

मी उठले. दांड्याला लटकत, मनात धुसफुसत उभी होते, आणि वाटेतलं अडूळ यायच्या आत माझी ट्यूब पेटली. दुरुस्ती करणारी प्रथिनं मावशीसारखी ताटकळत उभी होती आणि माझं प्रथिन उठतच नव्हतं. मूळच्या प्रथिनाची सैल पकड हा दोष नव्हताच. खरा हक्काचा येईपर्यंत जागा राखायची आणि तो आला की सरकायचं, हेच त्याचं काम होतं. मी तिथल्या तिथं आईला सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि केळ्यांची पिशवी माझ्या हातात दिली.

सोमवारी मी परीक्षानळीत तपासलं. मूळच्या प्रथिनानं दुरुस्तीच्या प्रथिनाला धाग्यावर येऊ दिलं, माझ्या प्रथिनानं नाही. समितीनं ते नीट पाहिलं आणि विषय माझ्याकडंच ठेवला. बाहेर आल्याबरोबर मैत्रिणीची माफी मागितली आणि आईला फोन लावला.

आईनं विचारलं, “मग तू केलेलं ते प्रथिन काही उठलं नाय?”

“नाही उठलं.”

“तुझ्यावरच गेलंय,” आई म्हणाली.