साडूचा सर्व्हर

थोरल्या जावयाला आयुष्यात एकाच माणसाने छळलं, आणि त्या माणसाने त्याला कधी एक वाकडा शब्द ऐकवला नव्हता. तो त्याचा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा.

सासऱ्यांचा होस्टिंगचा धंदा. घराच्या तळमजल्यावर थंडगार खोली, तिथे घोंघावणारे सर्व्हर. एका दणकट सर्व्हरचे आतल्या आत अनेक सर्व्हर करायचे आणि ते गिऱ्हाइकांना वापरायला द्यायचे. ही वाटणी करणारा प्रोग्रॅम म्हणजे हायपरव्हायजर. थोरल्याने पहिल्यापासून एका कंपनीचा, लायसन्सचा घेतलेला. सगळं त्यानेच उभं केलं होतं. मग धाकटा आला आणि आल्या आल्या म्हणाला, "बाबा, सगळ्यांना खुला असलेला, फुकटचाही चांगला चालतो. लायसन्स कशाला?"

बाबांनी कान टवकारले. थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"अडलं तर फोन करायला पलीकडे माणूस हवा की नको?"

"अडलं तर आपणच आत डोकावायचं, दादा," धाकटा हसून म्हणाला. ते हसणंच थोरल्याच्या डोळ्यांत खुपायचं. सासूबाई त्याला आग्रह करून वाढायच्या, आणि थोरल्याची स्वतःची मुलगीसुद्धा गणितं अडली की काकाकडे पळायची. बापाला गणित येत नव्हतं असं थोडंच होतं!

धंद्याला आणखी एक खोली घ्यायची होती. ज्याचा हायपरव्हायजर ठरेल त्याच्या हाती ती खोली, असं सासऱ्यांनी जाहीर केलं. परीक्षाही त्यांचीच. दोघांना एकसारखा सर्व्हर, त्यावर त्याच गिऱ्हाइकांच्या मशिनींच्या, म्हणजे त्या आतल्या सर्व्हरांच्या, नकला. "एक दिवस न सांगता प्लग उपटीन आणि परत लावीन. कुणी हात लावायचा नाही. ज्याच्या सगळ्या मशिनी आपल्या आपण उठतील, तो खरा."

पासवर्ड दोघांना दोन्हीकडचे माहीत होते, घरचाच मामला.

एका दुपारी धाकटा वर जेवायला गेला तसा थोरला त्याच्या स्क्रीनसमोर जाऊन बसला. खोट काढायलाच बसला होता, पण खोट सापडेना. बॅकअप चोख, डिस्कची वाटणी नेटकी. त्याचा जळफळाट झाला. आणि मग दिसलं. मेलच्या मशिनीचा 'वीज आल्यावर आपोआप सुरू' हा पर्याय बंद होता. साहेब एवढी एक खूण करायला विसरले होते! थोरल्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तो वर गेला, धाकट्याच्या शेजारी बसून चवीने जेवला आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

आपलाही सर्व्हर तपासावा, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. त्याने आजवर एकही सर्व्हर बंद पडू दिला नव्हता, आणि त्याचा त्याला केवढा तोरा!

सासऱ्यांनी प्लग उपटला. घोंघावणं थांबलं. त्यांनी तो परत लावला आणि हाताची घडी घातली. थोरल्याच्या मशिनी एकामागून एक उठल्या. धाकट्याच्याही उठल्या, पण मेलची काही उठेना.

"जावईबापू, खोली तुमची," म्हणत सासऱ्यांनी किल्ली थोरल्याच्या हातावर ठेवली.

धाकट्याने त्याला जिन्यात गाठलं. "अभिनंदन, दादा. रागावू नका, एक सांगतो. तुमच्या एकाही मशिनीला 'आपोआप सुरू' लावलेलं नव्हतं. परवा सहज बघताना दिसलं. तुमचे सर्व्हर कधी बंदच पडत नाहीत, मग लक्षात कसं येणार? मी लावून टाकलं. त्या नादात माझंच एक राहिलं बघा."

"हे बाबांना का नाही सांगितलंस?"

"त्यात काय सांगायचं?" तो हसला. तेच हसणं.

घरी बायको म्हणाली, "अहो, जिंकलात ना? मग तोंड का असं?"

"तुझ्या बहिणीचा नवरा मनानेही चांगला आहे," तो म्हणाला.

"मग?"

बाबांना खरं सांगावं, किल्ली परत द्यावी, असं त्याला मनापासून वाटत होतं. तो उठलासुद्धा, चपला घातल्या, दार उघडलं. आणि वाटलं, आता दिली तर सगळे हेच म्हणणार, की चांगुलपणाही थोरला धाकट्याकडूनच शिकला.

त्याने दार लावून घेतलं.