विल्फ टकरचा खर्ज

विल्फ टकरनं जन्मभर बस चालवली, पण कुणी विचारलं तर तो सांगायचा, मी गातो. गावच्या चर्चमधल्या गायकवृंदात खर्जाची बाजू त्याची. दर ऑगस्टात इंग्लंडातल्या वेल्स नावाच्या लहानशा शहरातली, तिथल्या कॅथीड्रलमधली म्हणजे बिशपच्या मोठ्या चर्चमधली गाणारी मंडळी सुटीवर जातात आणि आसपासच्या गावांतल्या लोकांना तिथं संध्याकाळच्या प्रार्थनेला गायला बोलावतात. विल्फचं बाकीचं वर्ष त्या एका दिवसाची वाट पाहण्यात जाई.

यंदा मात्र त्याचा दम पुरेना. सूर लावला की वाटेतच तो खाली घसरायचा. हे सगळ्यांना ऐकू येत होतं, एकट्या विल्फला सोडून. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायचं काम आलं थिर्झा कूम्ब्सबाईंवर, कारण गायकवृंद त्या चालवत. आता या इंग्रज लोकांचं एक आहे. शेजारच्या घराला आग लागली तरी ‘आज जरा उकडतंय, नाही का?’ असंच म्हणतील. तोंडावर सांगणं यांना जमायचंच नाही.

थिर्झाबाई वसंतात एकदा म्हणाल्या, त्या कॅथीड्रलमध्ये पायऱ्यांची चढउतार फार, नाही? विल्फला वाटलं, बाईंचे गुडघे गेले. त्यानं घरून बायकोचं, एनिडचं, मलम आणून दिलं. मग त्या म्हणाल्या, उभं राहून गाताना माणूस किती थकतो. पुढच्या तालमीला विल्फ त्यांच्यासाठी घडीची खुर्ची घेऊन हजर. नको म्हटलं तर वाईट दिसेल, म्हणून बाई उन्हाळाभर त्या खुर्चीत बसून तालीम घेत राहिल्या. हसावं की रडावं!

शेवटी तो दिवस उजाडला. कॅथीड्रलशेजारी बिशपच्या वाड्याच्या खंदकाकाठी मंडळी सँडविच खायला बसली. खंदकातल्या हंसांनी, शिकवल्याप्रमाणे, भिंतीवरची दोरी ओढून घंटा वाजवली आणि आपलं खाणं मिळवलं. हंसाला जे हवं ते सांगता येतं, आपल्याला का येऊ नये, असं बाईंना वाटलं असावं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

“विल्फ, आज तुम्ही गाऊ नका. सूर उतरतोय तुमचा.”

विल्फचा घास तोंडातच राहिला. “मग तुमचे गुडघे?”

“ठणठणीत आहेत.”

“आणि खुर्ची?”

“तिच्यापायी पाठ मात्र आखडलीय माझी.”

विल्फ हसला. बाईही हसल्या आणि मग त्यांचेच डोळे भरून आले. आधीच सांगायचं होतंत, असं तो म्हणाला, पण रागावून नाही. गाताना घालायचा आपला झगा त्यानं नीट घडी करून त्यांच्या हातात दिला. आत मात्र त्याला फार वाईट वाटत होतं. आता गावात आपलं काय काम, असंही वाटून गेलं.

प्रार्थनेच्या वेळी तो एनिडच्या शेजारी जाऊन बसला. गाणं इथून कसं ऐकू येतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. गावातली रोजची माणसं, कसायाची बायको, पोस्टातला टोनी, पण आवाज चढत चढत थेट छताच्या कमानींत गेले. सगळे एकदमच थांबले. सुरेख झालं, आणि विल्फला तेच लागलं.

“माझ्यावाचूनही छान झालं,” तो एनिडच्या कानाशी पुटपुटला.

“झालं खरं,” ती म्हणाली. “पण दरवर्षी सगळे थांबले की त्यांच्यामागून एकट्या तुझा आवाज थांबायचा. मी तेवढंच ऐकायला यायचे.”

विल्फनं विचारलं, “मग आता?”

“आता सरक जवळ. इतकी वर्षं या दगडी गारठ्यात एकटी कुडकुडत बसलेय मी इथं.”